तट्टाची लाज कोणाला?

१/
फेब्रुवारी उजाडला की नारायणगावाहून जुन्नरकडे जाणाऱ्या रस्त्यावर फलक उभे राहू लागतात. १९ तारखेला शिवनेरीवर जन्मोत्सव असतो आणि त्याच्या स्वागताच्या बहुतेक फलकांवर एक घोडा असतो: काळा कुळकुळीत, मानेवरून गुडघ्यांपर्यंत ओघळणारी आयाळ, खुरांवर केसांचे झुपके, आणि स्वाराच्या डोक्याशी स्पर्धा करणारी उंची. संगणकाने रंगवलेला हा घोडा ओळखण्यास अवघड नाही. तो नेदरलँड्समधील फ्रिजियन जातीचा आहे. सह्याद्रीशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

२/
या चित्राखाली कोणी नम्रपणे लिहिले, की सतराव्या शतकातील मराठा स्वाराचे घोडे बहुतांशी लहान चणीचे, आजच्या भाषेत पोनी म्हणता येतील असे होते, तर उत्तर ठरलेले असते. 'म्हणजे आमचे पूर्वज तट्टावर बसत होते काय?' पुढे अपमानाचा आरोप होतो आणि चर्चा संपते.

या धाग्याचा विषय तो आरोपच आहे. होय, ते तट्टावर बसत होते. वयात आलेली, मिशीवाली, हातात भाला घेतलेली माणसे लहान घोड्यांवर बसून लढली आणि जिंकली. त्यात लपवावे असे काही नाही. जे लपवतात, त्यांनी ही लाज नेमकी कोठून उसनी आणली, ते मात्र पाहिले पाहिजे.

३/
आधी मोजमाप. घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत; मान जिथे पाठीला मिळते त्या खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजतात. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमाने, नाल नसताना १४८ सेंटीमीटरपर्यंतचा घोडा पोनी ठरतो. म्हणजे पोनी ही लहान मुलांची करमणूक नसून केवळ उंचीची रेषा आहे.

त्या रेषेने पाहिले तर चंगीजखानाचे सैन्य पोनींवर बसून चीनपासून इराणपर्यंत गेले. आइसलँडचे शेतकरी आजही १४० सेंटीमीटरच्या आसपासच्या घोड्यावर बसून हिमनद्यांच्या प्रदेशात मेंढ्या गोळा करतात, आणि त्याला कोणी पोनी म्हटले तर त्यांनाच राग येतो. मंगोलियात कोणी आपल्या घोड्याची उंची चित्रात वाढवून दाखवत असेल, असे वाटत नाही.

४/
आता शब्द. मराठीत तट्टू हा शब्द तुच्छतेनेच येतो. भाडोत्री तट्टू, शामभटाची तट्टाणी. परंतु ही प्रतवारी आली कोठून?

अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त घोड्यांची उतरंड दिली आहे. सर्वांत वर अरबी, मग इराणी, मग मिश्र पैदाशीचे, तुर्की, याबू. आणि तळाशी हिंदुस्थानी. त्या हिंदुस्थानी घोड्यांतही उत्तम तो ताजी, मध्यम तो जंगला आणि कनिष्ठ तो तट्टू. मनसबदाराने हजेरीला कोणत्या प्रतीचा घोडा आणला यावर त्याचा हिशेब ठरे, घोड्याला डाग दिला जाई. ही वर्गवारी बादशाही दफ्तराच्या सोयीची होती.

'तट्टावर बसणे अपमानाचे' असे जो आज आवेशाने सांगतो, तो नकळत आग्र्याच्या दफ्तरातील कारकुनाची नजर घेऊन शिवनेरीकडे पाहत असतो. स्वराज्याच्या अभिमानाने मुघल प्रतवारी डोक्यावर मिरवावी, यासारखा विनोद नाही.

५/
ही नजर जुन्नरला मुघलांच्याही आधी येऊन गेली होती. १४७० च्या आसपास, बहामनी काळात, रशियातील त्वेर नगरचा व्यापारी अफनासी निकितिन होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. तेवढा एकच, आणि तो इथवर आणण्यास त्याला शंभर रुबल खर्च आला, असे तो लिहितो. पावसाळा त्याने जुन्नरात काढला.

६/
जुन्नरचा अधिकारी असदखान याने तो घोडा काढून घेतला. मालक मुसलमान नाही हे कळताच त्याने अट घातली: धर्म बदल, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाहीतर घोडाही जाईल आणि हजार मोहरांचा दंडही होईल. मुदत चार दिवसांची. एका खुरासानी सरदाराने मध्यस्थी केली तेव्हा निकितिन सुटला आणि घोडा परत मिळाला.

एका परदेशी घोड्यासाठी एवढा आटापिटा! समुद्रापलीकडून आलेल्या घोड्याची किंमत दख्खनमध्ये काय होती, ते यावरून कळते.

७/
याच प्रवासवर्णनात निकितिन सांगतो, की या देशात घोडे निपजत नाहीत. बैल आणि म्हशी निपजतात, त्यांच्यावरच माणसे बसतात आणि ओझी लादतात.

इथेच घोडे पेंड खाते. जुन्नरच्या पंचक्रोशीत तेव्हा एकही घोडी वीत नव्हती, यावर विश्वास बसणे कठीण आहे. अधिक संभवनीय हे, की होर्मुझच्या बाजारात घोडा पाहिलेल्या व्यापाऱ्याने दख्खनी तट्टाला घोड्यांच्या गणतीतच धरले नाही. जो मोजला जात नाही तो इतिहासात दिसत नाही. पुढच्या साडेपाचशे वर्षांत त्याची गत फारशी बदलली नाही.

८/
तरीही तो होता, आणि त्याला नाव होते. भीमथडी: भीमेच्या थडीचा, म्हणजे काठचा. गंगथडी, नीरथडी, माणदेशी ही त्याचीच भावंडे. गोदावरी, नीरा, माण या नद्यांच्या खोऱ्यांवरून ती नावे पडली. आज पुण्यात भीमथडी म्हटले की हिवाळ्यातली जत्रा आणि तिथले मासवडीचे ताट आठवते. घोडा कोणालाच आठवत नाही.

नकाशा उघडून पाहावा. भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. आंबेगावची घोड, जुन्नरच्या कुकडी, मीना, पुष्पावती या सगळ्यांचे पाणी अखेर घोड नदीतून भीमेलाच मिळते. घोड आणि घोडेगाव या नावांवरून कोणी लगेच व्युत्पत्ती जुळवू नये. तशा जुळवाजुळवीने इतिहासाचे फार नुकसान केले आहे. पण भीमथडीचे वरचे पाणी या दोन तालुक्यांचे आहे, एवढे निश्चित.

९/
पेशव्यांच्या पायदळात नोकरी केलेला विल्यम टोन नावाचा आयरिश अधिकारी अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या घोड्यांविषयी लिहून गेला. त्याच्या मते या मुलुखात घोडे पुष्कळ, पण नावाजलेली पैदास एकच, भीमेच्या काठची: मध्यम उंचीची, मजबूत, देखणी म्हणता येईल अशी, बहुधा गडद तांबूस रंगाची आणि काळ्या पायांची.

मध्यम उंचीची. पाहणारा युरोपी लष्करी माणूस होता, खुशामत करण्याचे त्याला कारण नव्हते.

१०/
या घोड्याचा लष्करी उपयोग कसा होतो, हे शिवकालाच्या आधी ज्याने दाखवून दिले त्याचाही जुन्नरशी संबंध आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात निजामशाहीची राजधानी जुन्नरला आणली. त्याच्या सैन्यातील मराठा स्वार मुघलांशी समोरासमोर भिडत नसत. रसद तोडणे, छावणीभोवती घिरट्या घालणे, पाठलाग झाला की डोंगरात विरून जाणे, ही बारगीगिरी मुघल सेनापतींना सतावत राहिली. १६२४ साली भातवडीला त्याचा कळस झाला.

अशा युद्धाला धिप्पाड घोडा लागत नाही. रोज लांबचा पल्ला मारून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहणारा घोडा लागतो. कडबा, डोंगरउतारावरचे गवत आणि मूठभर हरभरा यावर तगणारा लागतो. भारी घोड्याचे दाणापाणी बैलांवर लादून मागून आणावे लागते, आणि मग फौज त्या बैलांच्या चालीने चालते.

११/
हाच फरक जुन्नरमध्ये बसून एका इंग्रजाने टिपला. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७५ साली मुंबईहून जुन्नरला आला. तिथल्या मुघल अधिकाऱ्याने उपचारासाठी त्याला बोलावले होते. शिवनेरी तेव्हा मुघलांकडे होती. जन्मस्थान असूनही महाराजांच्या हयातीत हा गड स्वराज्यात आला नाही, हे फलक लावणाऱ्यांपैकी कित्येकांना ठाऊक नसते.

फ्रायरने दोन्ही फौजांची तुलना केली आहे. शिवाजीची माणसे कष्टाची, मिळेल ते खाऊन झपाट्याने मजल मारणारी. मुघल मात्र एक वेळ लूट सोडतील, पण जेवण सोडणार नाहीत; त्यांना थाटानेच घोड्यावर चढायला हवे. फलकावरचा घोडा नीट पाहावा. तो या दोहोंपैकी कोणाच्या थाटाचा आहे?

१२/
आता वजनाचा प्रश्न, कारण 'एवढ्याशा घोड्यावर जाणता माणूस बसेल कसा' ही शंका प्रामाणिकही असू शकते.

घोड्याने स्वतःच्या वजनाच्या किती टक्के भार वाहावा? अमेरिकेतील ओहायो येथे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून पाहिला गेला. २० टक्क्यांपर्यंत फारसा त्रास नाही. २५ ला स्नायूंवर ताण जाणवू लागला, ३० ला तो बराच वाढला. आइसलँडच्या घोड्यांवर २० ते ३५ टक्क्यांपर्यंतचे प्रयोग झाले आणि ते त्याहून काटक दिसले.

१३/
ढोबळ हिशेब करून पाहू. अडीचशे ते पावणेतीनशे किलोंचे तट्टू. त्यावर पंचावन्न किलोंचा, उन्हात रापलेला, दुष्काळी मुलखातला बारगीर. साधे खोगीर, तलवार, भाला, तोबरा मिळून आणखी दहा-बारा किलो. भार साधारण २५ टक्के.

आता युरोपातील घोडदळ. पावणेपाचशे किलोंचा उंच घोडा, त्यावर धिप्पाड शिपाई, बूट, जड खोगीर, शस्त्रे, गुंडाळलेला डगला, दाणा. हे ओझे शंभर किलोंच्या पुढे सहज जाई, अनेकदा एकशे वीसच्या घरात. भार पुन्हा साधारण २५ टक्के.

म्हणजे ओझ्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच, की एका बाजूचे सगळेच लहान होते: माणूस, घोडा, खोगीर आणि शिधा.

१४/
हाच हिशेब काहींना अडचणीचा वाटेल, कारण तो दुधारी आहे. माथेरानला नव्वद किलोंचा पर्यटक जेव्हा अडीचशे किलोंच्या घोड्यावर बसून फोटो काढतो, तेव्हा खोगिरासह भार ४० टक्क्यांच्या आसपास जातो. तिथे 'मावळेही बसत होते' हे उत्तर चालणार नाही. मावळे नव्वद किलोंचे नव्हते.

तट्टावर बसलेला प्रत्येक प्रौढ माणूस क्रूर, असे म्हणणारे शहरी प्राणिप्रेमी आणि घोडा काहीही सहन करतो म्हणणारे हौशी, दोघांनीही वजनकाटा पाहिलेला नसतो.

१५/
स्वराज्यात घोड्याची काळजी हा राज्यकारभाराचा भाग होता, हे चिपळूणजवळच्या छावणीला महाराजांनी धाडलेल्या प्रसिद्ध पत्रातून दिसते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच मनास येईल तसे खर्चाल तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी पडतील, मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. दिव्याची वात उंदराने नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत बारकावा आहे.

सभासद सांगतो, की पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल. फलकावर ही दोन माणसे कधीच नसतात.

१६/
इथवर वाचून जे खूश झाले असतील त्यांनी थोडे थांबावे. कारण दुसऱ्या टोकालाही एक खोटेपणा वाढतो आहे: 'शुद्ध देशी मराठा अश्व'. जणू शिवरायांच्या पागेत परक्या रक्ताचा घोडा नव्हताच.

३० एप्रिल १६५७ ची रात्र. जुन्नर मुघलांकडे होते. महाराजांच्या माणसांनी दोरांच्या शिड्या लावून शहराचा तट ओलांडला, पहारे कापले आणि तीन लक्ष होनांची मालमत्ता, कापड, जडजवाहीर आणि दोनशे घोडे घेऊन ते निघून गेले. त्यानंतर अहमदनगरवर चाल झाली. तिथे सभासदाच्या म्हणण्याप्रमाणे सातशे घोडे पाडाव झाले.

१७/
सभासद लगेच पुढे स्वारांची गणती देतो: पागा बाराशे, शिलेदार दोन हजार. बेरीज करून पाहावी. बाराशेच्या पागेत नऊशे घोडे भरतील एवढी कमाई या दोन छाप्यांतूनच झाली होती.

हे मुघल ठाण्यांतले घोडे होते. त्यांत तुर्की असतील, अरबी असतील, मिश्र असतील, दख्खनीही असतील. स्वराज्याच्या पागेचा पाया असा मिळेल तिथून मिळवलेल्या घोड्यांवर रचला गेला. पुढेही मोठ्या सरदारांच्या पागांत अरबी घोड्यांची हौस होतीच, आणि ऐपत असणाऱ्याने ती केली. भीमथडीच्या अंगातही अरबी-तुर्की रक्त मिसळले, असे जाणकार पूर्वीपासून मानत आले आहेत. शुद्ध रक्ताचे वेड त्या काळच्या शिलेदाराला परवडणारे नव्हते. त्याचा घोडा मेला की त्याची रोजीच बुडे.

१८/
आणि तट्टू नेहमी जिंकले, असेही नाही. पानिपतावरून १४ जानेवारी १७६१ रोजी पळ सुरू झाला तेव्हा महादजी शिंदे एका नामांकित दख्खनी घोडीवर होते. त्यांच्या मागे एक अफगाण स्वार लागला, भल्या थोरल्या, जड घोड्यावर. घोडी चपळ, ती अंतर वाढवी. महादजींनी दम घ्यायला थांबून मागे पाहावे, तर तो घोडा त्याच संथ, न बदलणाऱ्या चालीने येतच असे. अखेर थकलेली घोडी खड्ड्यात कोसळली. अफगाणाने महादजींच्या पायावर वार केला. ते जन्मभर लंगडे झाले.

जॉन माल्कमने ही हकिकत नोंदवली आहे. तो घोडेस्वार पुढे कित्येक वर्षे महादजींच्या स्वप्नात येत असे, म्हणे.

१९/
या प्रसंगातून 'मोठा घोडाच श्रेष्ठ' असा निष्कर्ष काढणारे असतात. त्यांनी त्या घोडीच्या पोटाचाही विचार करावा. पानिपतावर मराठ्यांची छावणी अडीच महिने कोंडली गेली होती. माणसांना अन्न नव्हते, जनावरांना वैरण नव्हती. सपाट मैदान, उत्तरेतील कडाक्याची थंडी, डोंगर नाही की ओढा नाही. ज्या भूमीसाठी ती घोडी घडली होती ती आठशे कोसांवर नसली तरी फार दूर राहिली होती.

घोडा कोणत्या जमिनीवर, किती दाण्यावर आणि कोणत्या कामासाठी, हे न विचारता त्याची प्रत ठरवणे हा दफ्तरी कारभार झाला.

२०/
१८१८ नंतर शिलेदारी गेली, आणि या घोड्याचा मोठा ग्राहकही गेला. तो मग टिकला कोणाकडे? धनगरांकडे.

दिवाळीनंतर जुन्नर-आंबेगावच्या शिवारांत मेंढरांचे वाडे उतरतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवून घेतो. वाड्याबरोबर पाच-सात लहान घोडी असतात. पाठीवर सगळा संसार: वाघूर, भांडी, धान्याचे गाठोडे, खुराड्यातल्या कोंबड्या, आदल्या रात्री जन्मलेली कोकरे, आणि सगळ्यांच्या वर बसलेले एखादे पोर. मुक्कामाला पुढच्या पायांत पायबंद घालून घोडी सोडतात; ती बांधावरचे जे मिळेल ते खाते. रात्री बिबट्याची भीती. जुन्नर परिसरात ती बारमाही आहे आणि शिंगरू हे त्याला सोपे भक्ष्य.

फलकाशेजारून हा काफिला जातो, तेव्हा गाडीतला शिवभक्त भोंगा वाजवून वाट मागतो.

२१/
दुसरे ठिकाण बैलगाड्यांच्या घाटाचे. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात यात्रेच्या दिवसांत घाटात बारी सुटते तेव्हा बैलांच्या पुढे घोडी धावते. तिच्यावर लहान मूल नसते, जाणता स्वार असतो. चढावर, गर्दीच्या भिंतींमधून, मागून उधळत येणाऱ्या बैलांच्या पुढे, काही सेकंदांत ती घाट पार करते. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली. १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या सर्व वर्षांच्या वादात पानेच्या पाने बैलांवर लिहिली गेली. घोडीवर जवळजवळ काहीच नाही.

शर्यत असावी की नसावी, हा वेगळा वाद. पण प्रौढ माणूस आणि लहान घोडी यांची जोडी या दोन तालुक्यांत अजून जिवंत आहे, आणि ती पाहायला संग्रहालयात जावे लागत नाही.

२२/
कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत कालपरवापर्यंत घोड्यांच्या सातच जाती होत्या: मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झंस्कारी, भुटिया, मणिपुरी, कच्छी-सिंधी. महाराष्ट्राची एकही नाही. यांतल्या बऱ्याचशा जाती पोनींच्याच आहेत. मणिपुरी पोनीवरून तर इंग्रजांनी पोलो उचलला. १८५९ साली सिलचरला क्लब काढला. मणिपूरला आपल्या लहान घोड्याची लाज वाटली नाही, म्हणून तो नावासकट जगभर गेला.

भीमथडीला अशी स्वतंत्र जात म्हणून मान्यता अगदी अलीकडे मिळाली. वरातीमागून घोडे म्हणावे, तर इथे अक्षरशः तसेच झाले. ज्या राज्याने घोडदळाच्या जोरावर अटकेपार गेल्याचे दाखले रोज द्यावेत, त्याने त्या घोड्याला नाव लावायला दोनशे वर्षे घेतली.

२३/
या विलंबाला उंचीचे वेड कारण आहे. सारंगखेड्याला किंवा अकलूजला घोडेबाजारात जाऊन पाहावे. भाव उंचीला आहे, कानांच्या टोकांना आहे, नाचण्याला आहे. लाखांच्या बोली मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांवर लागतात. त्यात गैर काही नाही, त्या उत्तम जाती आहेत. पण त्याच बाजारात धनगराच्या लहान घोडीला कोणी विचारत नाही. मग तो तिला उंच नराकडे नेतो, कारण शिंगरू दोन बोटे उंच निघाले तर पैसे जास्त येतात. असे तीन-चार पिढ्या चालले तर मान्यतेचा कागद उरेल आणि घोडा उरणार नाही.

फलकावरचे चित्र निरुपद्रवी नाही ते यासाठी. पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत जो घोडा बसतो, तोच पुढे तो विकत घेतो.

२४/
यावर शेवटचा आक्षेप असा येतो, की चित्र हे प्रतीक असते, त्यात मोठेपणा दाखवावाच लागतो. पुतळ्याला हे मान्य करता येईल. वि. पां. करमरकरांचा १९२८ चा पुण्यातला अश्वारूढ पुतळा ब्राँझचा आहे, चौथऱ्यावर आहे, खालून पाहायचा आहे. तिथे शिल्पाचे नियम वेगळे. पण जी चित्रे 'इतिहास' म्हणून पसरवली जातात, ज्यांत तलवारीची मूठ कोणत्या प्रकारची यावर शंभर प्रतिक्रिया झडतात, पगडीचा पेच चुकला तर चित्रकाराला माफी मागावी लागते, तिथे घोडा डच चालतो, हे कसे?

२५/
चित्रकारांना हवे असल्यास नमुना दूर नाही. उंची सुमारे १३० सेंटीमीटर. रंग गडद तांबूस, पाय काळे. छाती रुंद, मान आखूड, खूर लहान आणि टणक. आयाळ राठ, तीत कुसळे अडकलेली. स्वाराचे पाय घोड्याच्या पोटाखाली थोडे लोंबतात. तसेच काढावेत, पाय आखूड करू नयेत. हे सगळे पाहायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीत ओतूर किंवा मंचरच्या बाजूला, मेंढरे बसलेल्या कोणत्याही रानात सकाळी लवकर जावे. वाडा हलण्याआधी. विचारल्याशिवाय फोटो काढू नये, आणि घोडीच्या मागून जवळ जाऊ नये.